दोन डाव्या बाह्या

ता. ४ जून

चि. भाऊस,
अ. उ. आ.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते. गेल्या आठवड्यात माझ्या हातून एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या गेल्या. एकतीस वर्षं दुकानात कापड बेततेय, असं कधी झालं नव्हतं. कारागीर हसले, मीही हसले. लेक मात्र हसली नाही. तिने कात्री काढून घेतली आणि बटणांचा डबा माझ्यापुढे ठेवला. आईला बटणं लावायला बसवणारी लेक, बघ!

दीड वर्षापूर्वी माझ्या डोक्याचा स्कॅन झाला, तेव्हा रिपोर्ट तूच आणलास आणि काही नाही, वयाचं आहे, म्हणालास. तो रिपोर्ट पाठव. उगाच शेंडी लावू नकोस.

तुझी,
ताई

ता. १३ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रिपोर्ट सोबत आहे. मी खोटं बोललो. तुझ्या मेंदूत एक प्रथिन साचतंय, असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. ते म्हणे वर्षानुवर्षं गुपचूप साचतं, विसरणं मागाहून सुरू होतं. आत्ता तुमच्या ताईंना सगळं कळतंय, तोवर काय ते त्यांनाच ठरवू द्या, असंही डॉक्टर म्हणाले. पण तू इतकी मजेत होतीस, माझी जीभच रेटेना. भाचीलाही बोललो नाही. रागावू नकोस.

तुझा धाकटा,
भाऊ

ता. २० जून

चि. भाऊस,
आशीर्वाद. मोठी आहे, द्यावाच लागतो.

माझं बेतणं कागदावर कुठेच नाही. गिऱ्हाईक दारातून आत आलं की त्याच्या खांद्याचा उतार मी नजरेनेच घेते. लेकीला दरवर्षी म्हणत आले, पुढच्या वर्षी शिकवते. तू तोंड उघडलं असतंस, तर दीड वर्ष तिला रोज शेजारी उभं केलं असतं. परवा तिने कापड पसरून विचारलं, उतार कसा धरायचा. मी खडू घेऊन नुसती उभी राहिले. काही केल्या आठवेना. शेवटी तिच्यावरच ओरडले, आणि ती बिचारी माझी समजूत काढत बसली.

मला त्रास नको म्हणून गप्प बसलास, हे दुसऱ्या कुणाला सांग. माझं रडणं तुला बघायचं नव्हतं, एवढंच. त्यापायी माझ्या लेकीची विद्या गेली.

लोभ असावा, असं आज लिहीत नाही. पुढच्या एखाद्या पत्रात लिहिलं, तर माफ केलं असं समजू नकोस. विसरले असेन.

ताई