माझा फोन बंद का आहे

तीर्थरूप आईला, मुरबाडवरून भाग्यश्रीचा नमस्कार.

फोन लागत नाय बघून तू दीपेशदादाला शेणव्याहून गाडी काढायला लावशील, म्हणून आधी हे पत्र टाकते. मी बरी आहे. दोन वेळ पोटभर जेवते.

आमच्या कंपनीच्या खोलीतला प्लगचा बोर्ड सुपरवायझरने काढून नेला. आता फोन ऑफिसात चार्जिंगला द्यायचा, तो पण लॉक काढून, असा त्याचा नियम. खोलीतल्या प्रियांकाने दिला, तर तो खुर्चीत बसून तिच्या घरचे फोटो बघत होता. त्या दिवसापासून आमी सहाजणींनी फोन दिलाच नाय. तो म्हणाला, "दोन दिवसांत रडत याल." आज पाचवा दिवस आहे. सगळ्यांचे फोन बंद, पण रडलं कोणी नाय.

रविवारी सुट्टी आहे, तेव्हा गिरणीवाल्या कमळमावशीकडे फोन चार्जिंगला लावणार. त्याला पीठ लागेल, पण मावशी उघडून बघत नाय. दुपारी तुला फोन करीन, जवळच राहा. पायाची सूज उतरली काय? गोळ्या चुकवू नको.

कामावरून काढलं तर घरी येईन, तेव्हा मला काय बोलू नको. तुझ्या पेटीची किल्ली तू कमरेला खोचून फिरतेस. आजीने मागितली, बाबांनी मागितली, तू कोणाला दिली नाय.

मी कोणाची पोर आहे, ते त्या सुपरवायझरला माहीत नाय.

तुझीच हट्टी,
भाग्यश्री