बोटाची चिंधी

भूम, भाद्रपद

प्रिय शामला,

‘प्रिय’ लिहायची रीत हाय म्हणून लिहिलं, लगेच हुरळून जाऊ नको. अक्षर वाकडं आलंय, कारण बोटाला चिंधी बांधलीय. खुरपं लागलं म्हणून आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना सांगितलं. निजामाच्या वेळेला नुसतं तोंडानं सांगून भागायचं, आता रजेला कारण लागतं. ते म्हणाले, धुरपदाबाई, सोडा चिंधी, बघू द्या. म्या म्हटलं, बाळंतिणी तिकडं कण्हतायत अन् माझ्या बोटात काय बघता? आठ दिवसांची रजा दिली. माझा आवाज तेवढे दिवस बंद म्हणून दवाखान्यात पेढे वाटले असतील.

गौरीच्या दुसऱ्या दिवशी तू भावाच्या मागं एसटीत बसून तामलवाडीला गेलीस, तेव्हापासून परसात तुझ्या बागेचं रान झालं होतं. म्हटलं, रजेत उरकून टाकू. सकाळी सगळं तण उपटलं. शेजारची सत्यभामा कुंपणावरनं म्हणाली, अगं बाई, ती शेवंती होती! असंल. फूल यायच्या आधी शेवंतीनं काही कळवायला नको? मग मेथी पेरली. दुसऱ्या दिवशी उकरून बघितली, उगवली न्हाय. तिसऱ्या दिवशी पुन्हा उकरली. तुझे मामंजी ओट्यावरनं म्हणाले, तिला जरा सुखानं राहू दे की. म्हटलं, राहू देते, तुम्ही आडाचं पाणी शेंदा. चार बादल्या शेंदून ते कंबर धरून झोपलेत. तुझा दादला महारुद्र रोज संध्याकाळी स्टँडवर जातो, सुपारी आणायला म्हणतो. घरात सुपारी पोतंभर झालीय.

तुझा भोपळ्याचा वेल मात्र जोरात हाय. आधीचे तीन कुजले, ते माझ्या नावावर लावलेस. कोवळ्या फळाला सरळ बोट दाखवू नये, ते कुजतं, बोट मुडपून दाखवावं, हे मलाबी ठाऊक हाय. पण मला काही दाखवायचं झालं की बोट आधी जातं, डोकं मागनं. तसंच गौरीच्या हळदीकुंकवाला झालं. आळीभरच्या बायका बसलेल्या, अन् म्या तुझ्या पोटाकडं बोट करून सांगितलं, तिसरा महिना लागलाय. तू रडायलाच लागलीस. म्हणालीस, आत्या, भोपळे गेले ते गेले, आता माझं तरी... अन् पुढचं बोललीच न्हाईस. मला लई राग आला. शेकडो बायका ह्या हातानं मोकळ्या झाल्या, अन् ही सून मला भोपळ्याचं सांगते! भोपळे पाण्यानं कुजले, हे मी अजूनबी म्हणते.

तरी पानाआड आता एक नवा धरलाय. त्याच्यावर म्या माझ्या जुन्या लुगड्याचा तुकडा टाकलाय. सत्यभामेनं विचारलं, कुठाय गं? हनुवटीनं दाखवला. ती म्हणाली, मान धरलीय का?

आता खरं सांगते. खुरपं-बिरपं काही लागलं न्हाय. बोट मुडपून चिंधीनं बांधून टाकलंय. मी कितीबी ठरवलं तरी बोलता बोलता ते सरळ होतंच, म्हणून. रजाबी तुझ्या बागेसाठीच काढली. बाळंतपणाला माहेरी जा, रीतच हाय ती, पण तोवर इथं ये. बाळ माझ्या हातात येईपर्यंत चिंधी सोडायची न्हाय, दवाखान्यात कुणी काहीबी म्हणो. भाकरी थापायला लई अडचण होते, म्हणून पोराला जरा घाई करायला सांग, असं लिहिणार होते. पण राहू दे, त्याला त्याच्या सवडीनं येऊ दे. उकरायची सोडली तवाच मेथी वर आली.

तुझीच, बोट बांधलेली आत्या
धुरपदाबाई