वस्तादांच्या तळहातावरचं लिंबू

५ नोव्हेंबर १९७८
केरबा वस्तादांना बी.ए.चे पेढे दिले. रिझल्ट जूनचा, पण मधे पाऊस होता. वस्ताद म्हणाले, "पोरींचा वर्ग आता तू घे श्यामला. माझ्यानं हुईना." तालमीची रीत अशी की वस्तादांच्या तळहातावरचं लिंबू दांडपट्ट्यानं कापायचं, हाताला ओरखडाही नाही. मगच शिकवायला उभं राहायचं. दुसरं कोणी तयार नाही. मी नाही म्हटलं तर वर्ग बंद. लगेच हो म्हटलं. उद्या पहाटे पाचपासून प्रॅक्टिस.

६ नोव्हेंबर
पाचला जाग आली होती. थंडी फार. मी आजारी पडले तर वस्तादांनाच वाईट वाटेल.

१२ नोव्हेंबर
नुसता वर्ग घेऊन ऋण कसं फिटणार? मुलीच्या जातीला पट्टा कशाला, असं माझ्या लहानपणी सारी गल्ली म्हणत होती. तेव्हा वस्ताद माझ्या वडलांना, आण्णांना म्हणाले होते, "पाठवा की, मी हाय न्हवं!" अशा माणसाचा जाहीर सत्कार हवा. तालमीतच, १० डिसेंबरला. माईक, शाल, अध्यक्ष. वस्तादांना कळवलं. म्हणाले, "शाल आण जा. पर मनगट मोकळं करून ये."

१९ नोव्हेंबर
भाषण लिहून मनगट दुखतंय. म्हणजे व्यायाम होतोच आहे.

२६ नोव्हेंबर, दुपारी
मंडईत वस्तादांच्या बायकोनं, बयाबाईंनी गाठलं. "रोज पाटंचं पट्टा पुसून बसत्यात गं. तू येशील म्हून. हात थरथरतोय त्येंचा आता." मी हॉलच्या सतरंज्यांचं काहीतरी सांगितलं. कार्यक्रम हॉलमध्ये नाहीच. घरी येईपर्यंत कांदे घ्यायचे राहिले.

३ डिसेंबर
घरीच प्रॅक्टिस. स्टुलावर लिंबू, हातात आण्णांची छत्री. छत्रीची काडी मोडली. आण्णा म्हणाले, "लिंबू जितं हाय की! छत्री तेवढी मेली." छत्रीला धार नसते. खरा पट्टा असता तर नक्की कापलं असतं.

९ डिसेंबर
भाषण पाठ. मन एकाग्र असलं की हात आपोआप चालतो. उद्या काळजी नाही.

१० डिसेंबर, संध्याकाळी
भाषण उत्तम झालं. टाळ्या. पुढे बसलेल्या लहान मुली मात्र माझ्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघत होत्या. मग वस्तादांनी शाल काढून बयाबाईंकडे दिली, जमिनीवर बसले, तळहातावर लिंबू ठेवलं. "मार." त्यांचा हात थरथरत होता. पट्टा चढवला. पातं कधी एवढं लवलवत नव्हतं. की माझाच हात हलत होता? डोळे मिटले. वस्ताद म्हणाले, "डोळं उघड पोरी." उघडले. पट्टा खाली ठेवला.
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. वस्तादांनी हात तसाच धरला होता. बऱ्याच वेळानं बयाबाईंनी कोपराला धरून तो खाली घेतला. लिंबू माझ्या हातात देऊन वस्ताद म्हणाले, "भाषान ब्येस केलंस."

११ डिसेंबर
पाचला उठले. तालमीपर्यंत गेले. दाराला कुलूप. पायरीवर मुली बसलेल्या. म्हणाल्या, वर्ग बंद झाला म्हणून वस्तादांनी कालच सांगितलं, पण आम्हाला वाटलं ताई येतील. मी म्हटलं, किल्ली विसरले. किल्ली माझ्याकडे कधीच नव्हती.
घरी आईनं विचारलं, "त्ये लिंबू आमटीत पिळू का?"
पीळ, म्हटलं.