बाई अंदाज सांगते

मंगळवार, ९ सप्टेंबर

प्रिय दादा, आणि हे पत्र त्याला वाचून दाखवणाऱ्या वहिनी,

दोघांनाही नमस्कार. वहिनींची कंबर आता कशी आहे? कॅन्टीनमधली मोठी पातेली उचलायला दुसरं कुणी मिळालं का? मी बरी आहे. खोलीच्या भिंतीला परत ओल आलीये. घरमालकीण म्हणते ती ओल नाहीच, रंगच तसा आहे. मी वाद घालत नाही.

पत्र आलं म्हणून तुला नवल वाटलं असेल. मेसेज पाठवला असता तर आमच्या अ‍ॅपमधल्या बाईनेच तो तुला वाचून दाखवला असता. हे तिच्या तोंडून तुझ्या कानावर पडायला नको होतं, म्हणून वहिनींना त्रास. पत्र आजच पोचावं म्हणून तिकडे येणाऱ्या एकाच्या हाती पाठवतेय. वहिनी, मध्येच थांबावंसं वाटलं तरी थांबू नका आणि माझी दया येऊन काही गाळू नका.

आधी मला एक सांग. दुपारचे थेंब डोळ्यांत कोण घालतं? वहिनी कामावर गेल्या की तूच घालत असशील. आणि बाटली कोणती ते बाईला विचारत असशील.

ते पुढे येईलच. आधी ऑफिसचं सांगते.

आम्ही तिघंच आहोत हे तुला माहीत आहे. साहेब, चित्रं आणि रंग बघणारा एकजण आणि मी. ज्यांना दिसत नाही त्यांनी फोन वस्तूसमोर धरायचा आणि वर लिहिलेलं, नाहीतर फोनवर आलेलं, बाईच्या आवाजाने वाचून दाखवायचं, एवढंच आमचं अ‍ॅप. त्याच्या आतलं बरंचसं काम माझं. शिवाय लोकांच्या तक्रारींना उत्तरं देण्याचं कामही माझ्याकडेच, कारण साहेबांच्या मते माझी भाषा गोड आहे. लोक तारे देतात, खाली मनातलं लिहितात आणि ते सगळ्या जगाला दिसतं. तारे कमी झाले की नवीन माणसं अ‍ॅप घेत नाहीत. म्हणून कुणी कितीही वाईट बोललं तरी खाली आपलं नम्र उत्तर हवं. त्यासाठी ठरलेली वाक्यं आहेत. ‘आपल्या मोलाच्या अभिप्रायाबद्दल आभार.’ ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ ती लिहिताना डोकं लागत नाही, बोटंच लिहितात.

तक्रार करणाऱ्यांत एक म्हातारे गृहस्थ होते. घड्याळं दुरुस्त करायचे, मग डोळे गेले. नावाच्या जागी त्यांनी ‘घड्याळजी’ एवढंच घातलं होतं. फोनला तोंडी सांगून लिहायचे, त्यामुळे पूर्णविराम वगैरे काही नसे. पहिल्यांदा त्यांनी एकच तारा दिला आणि लिहिलं, तुमची बाई गाडी सुटत असल्यासारखी बोलते तिला जरा दम खायला सांगा. मी हसत हसत बाईचा वेग कमी केला आणि तसं त्यांना कळवलं. त्यांनी दोन तारे वाढवले. आता जेवूनखाऊन आल्यासारखी बोलते म्हणाले. तेव्हापासून आमचं असंच चालायचं. ते खोड काढायचे, मी दुरुस्त करायची. माझ्या कामाकडे इतक्या बारकाईने दुसऱ्या कुणीच पाहिलं नाही, दादा. साहेबांनीही नाही.

आता मुद्द्यावर येते.

पूर्वी अक्षर पुसट असलं की बाई म्हणायची, ‘नीट दिसत नाही, जरा फिरवून धरा.’ आठवतं? लोक वैतागायचे. तारे घसरायला लागले. मग साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, “सारखं फिरवा फिरवा ऐकून लोक कंटाळलेत. तिला आत्मविश्वास दे.”

मी म्हटलं, “नीट दिसत नसेल तर ती काय बोलणार?”

“जे असण्याची शक्यता जास्त, ते बोलेल. दहातल्या नऊ वेळा बरोबरच येईल की.”

“आणि दहाव्या वेळी?”

“दहाव्या वेळेसाठी तू आहेस ना, उत्तरं लिहायला.”

ते हसले. मीही हसले. आणि तो बदल मी माझ्या हाताने केला. तेव्हापासून बाई अडत नाही. तिला काही दिसो न दिसो, ती नाव सांगून मोकळी होते. तारे भराभर वाढले. साहेबांनी केक आणला.

घड्याळजींनी मात्र पुन्हा एका ताऱ्यावर आणलं. लिहिलं, हल्ली बाई कधीच अडखळत नाही याची मला धास्ती वाटते काल तिने सांधे चोळायच्या औषधाला खोकल्याचं औषध म्हटलं वासावरून कळलं म्हणून वाचलो.

मी साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, एका मोठ्या हॉस्पिटलशी बोलणी चालू आहेत, ती होईपर्यंत कशाला हात लावू नकोस. मी खाली उत्तर लिहिलं, ‘मोलाच्या अभिप्रायाबद्दल आभार. कृपया बाटली पुरेशा उजेडात धरा.’

ज्याला दिसत नाही त्याला मी उजेडात धरायला सांगितलं. लिहिताना माझ्या लक्षातही आलं नाही.

पुढची तक्रार त्याच नावाने आली, पण पूर्णविराम जागच्या जागी होते. त्यांच्या मुलीने लिहिली होती. त्यांना खोकला झाला होता. त्यांनी बाईला विचारलं, बाईने सांगितलं, आणि त्यांनी झाकणभर औषध एका घोटात घेतलं. ते चोळायचं औषध होतं. या वेळी सर्दीने नाक बंद असल्यामुळे वास आला नाही. हॉस्पिटलात नेलं, पण ते वाचले नाहीत. शेवटी तिने लिहिलं होतं, ‘एक तारा द्यायचीही माझी इच्छा नाही. पण त्याशिवाय इथे लिहू देत नाहीत.’

साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, “खरं कशावरून? आणि खरं असलं तरी आपण कबूल केल्यासारखं दिसता कामा नये. नेहमीचं उत्तर दे.” मी नेहमीचं उत्तर दिलं. ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’

दुपारी पाहिलं तर तिने आपलं सगळं लिखाण पुसून टाकलं होतं. त्या जागी एकच शब्द ठेवला होता. ‘गैरसोय.’

मी जेवणाचा डबा उघडला आणि बंद केला. मग माझं उत्तर काढून टाकलं आणि कंपनीच्या नावाने नवीन लिहिलं. हे अ‍ॅप नीट दिसलं नाही तर अंदाजाने नाव सांगतं. अंदाज आहे हे ते तुम्हाला सांगत नाही. औषधासाठी ते वापरू नका. हा बदल आम्ही जाणूनबुजून केला आहे. हेच मग मी सगळ्यांच्या तक्रारींखाली लिहीत सुटले, साबणाच्या वेष्टणाची तक्रार असो की बसच्या पाटीची. साहेब जेवून परत येईपर्यंत मी लिहीत होते. त्यांनी आल्या आल्या सगळं पुसलं आणि मला घरी पाठवलं. दारात म्हणाले, “बदल कुणाच्या हातचा आहे ते लक्षात ठेव.” त्यात खोटं काही नाही.

बाई अजून तशीच बोलतेय. काल एका ओळखीच्या माणसाच्या फोनवर मी मुद्दाम पाहिलं.

दादा, इथपर्यंत ऐकून तुला वाटेल, छोटीने शेवटी बरोबर केलं. म्हणून आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. घड्याळजींची ती वासाची तक्रार आली, त्याच आठवड्यात मी तुला फोन केला होता. तू म्हणालास, “तुझी बाई आता शहाणी झालीये गं. आता मला दुपारी कुणाची गरज लागत नाही.” किती खुशीत होतास. डोळ्यांमुळे तुझं दुकान बंद झाल्यापासून तुझा तसा आवाज मी ऐकला नव्हता. बाई शहाणी झाली नाही, नुसतं ठोकून देते, हे मला ठाऊक होतं. जिभेवर आलं होतं. मी म्हटलं, “अरे वा.” आणि वहिनींच्या कंबरेची चौकशी केली.

त्यानंतर रोज दुपारी तू बाटली तिच्यासमोर धरलीस. तुझ्या थेंबांच्या बाटलीसारखीच कानाच्या औषधाची बाटली त्याच फळीवर असते, हेही मला माहीत आहे. मीच आणून दिली होती. तुला काही झालं नाही ते आपोआप. माझ्यामुळे नाही. मी तर त्या म्हाताऱ्या माणसालाही ओळखत होते आणि तुलाही, आणि दोघांशीही गोड बोलत राहिले.

वहिनी, आता थांबा आणि त्याच्या फोनवरून ते अ‍ॅप काढून टाका. तो नको म्हणेल. तरी काढा. दादा, दुपारचे थेंब वहिनी येईपर्यंत राहू देत. उशीर झालेला चालतो, मी डॉक्टरांना फोन करून विचारलंय.

त्या मुलीच्या वकिलांनी मला शोधून काढलं. मी काय लिहिलं होतं आणि ते का पुसलं गेलं, हे सांगाल का, असं विचारलं. मी हो म्हटलं. उद्या जाणार आहे. ती मुलगीही असेल. बदल माझ्या हातचा असल्यामुळे दाव्यात माझंही नाव येईल, तसं त्यांनी स्पष्ट सांगितलंय. तिच्यासमोर काय बोलायचं ते मी आज सकाळपासून मनाशी जुळवतेय, आणि तोंडात सारखी ती ठरलेली वाक्यंच येतायत.

तुला काय वाटलं ते वहिनींना लिहून पाठवायला सांग. रागावला असशील तर तसं लिहायला सांग. फोन मात्र करू नकोस. फोनवर तू ‘जाऊ दे गं’ म्हणशील, आणि मी ते घेऊन टाकेन.

तुझी,
छोटी