पालकाच्या जुड्या आणि माझी सही

प्रिय श्याम,

नाटकाच्या तालमीला सगळ्यात आधी आला तो झयान, तोही अब्बांचा काळा कोट घालून, बाह्या गुडघ्यापर्यंत! मागून त्याची आई शरफुन्निसा, हातात खजुराचा डबा. इथे आखातात, मलाझ भागातल्या आमच्या या बिल्डिंगमध्ये समोरच राहतात, हैदराबादची गोड माणसं. तू बाबांच्या बागेच्या हक्कसोडीच्या सहीचं विचारलंस ते विसरले नाही हो, पण आधी ही गंमत ऐक.

माझ्या नातीच्या, स्मृतीच्या वर्गाचं नाटक आहे, अमेरिकेत इंग्रजांचं राज्य होतं तेव्हाचं. झयान गव्हर्नर. स्मृती काजळाची मिशी काढून तंबाखूच्या मळ्याची मालक. राबायला माणूस कमी पडलं, म्हणून मला गुलाम केलं. सूनबाई निवेदिता रागावली, आईंना असलं काय देता म्हणून. मी म्हटलं, देऊ दे गं, वाकायची सवय आहे मला. तंबाखू कुठला मिळायला इथे? पालकाच्याच जुड्या बांधल्या, चांगल्या घट्ट.

मग सभा भरली. जहाजातल्या तंबाखूवर कर किती, ते हात वर करून ठरवायचं. मीही केला. झयान ओरडला, दादी, हाथ नीचे, सिर्फ जमीनवाले मर्द! शरफुन्निसा पोट धरून हसली. मी म्हटलं, अरे, जुड्या सगळ्या मी बांधल्या ना? स्मृती मिशीतून म्हणाली, आजी, तू माझ्या मालकीची. तुला मजुरी नाही, मत नाही, आणि तुला बाळ झालं तर तेही माझंच. तेव्हा मात्र शरफुन्निसानं झयानला जवळ ओढलं. मी विचारलं, बरं, मालकाच्या सख्ख्या बहिणीचा हात? तोही खालीच, म्हणे.

त्या गुलाम बायांच्या दुःखाशी माझी बरोबरी नाही रे, मी सुखात आहे. पण बाबांच्या बागेत काजू वेचता वेचता आईची पाठ गेली, आणि सातबाऱ्यावर तिचं नाव कधी चढलं नाही. आता माझं चढायची वेळ आली, तर बहिणीनं सही करायची आणि भावानं साडी द्यायची, या रीतीपायी ते मीच पुसू? नाही श्याम, सही करणार नाही. घाबरू नकोस, बाग तूच सांभाळ, काजूही तूच विक. नाव तेवढं राहू दे, तुझ्या नावाशेजारी. साडी मात्र पाठव, मोरपिशी. आणि हो, तालमीला शुक्रवारी परत येतो म्हणून सांगून गेलेत झयान आणि त्याची आई.

तुझीच,
वासंतीताई