मिटलेल्या खात्याचे फोन

१४ जून २०२४

सकाळी साडेसातला फोन. शाळेचे गणवेश कापायला बसले होते, कात्री हातातच. "रंजिता मॅडम? आपका पेमेंट पेंडिंग है." कुठलं पेमेंट? तर कर्ज काढून घेतलेल्या मशीनचं.

मशीनचं! ते प्रकरण मागच्या वर्षी मार्चमध्ये लोकअदालतीत मिटलं. एम्ब्रॉयडरीचं मशीन विकलं, ठरली ती रक्कम एका दिवसात भरली, सही केली, कागद घेतला. मी हे सगळं त्याला सांगितलं. तो म्हणाला, "वो सब ठीक है मॅडम, सिस्टम में आपका खाता चालू दिखा रहा है."

कापड वाकडं कापलं गेलं. एक सदरा वाया.

१५ जून

लोखंडी कपाटातून कागद काढला. आहे. कोर्टाचा शिक्का, कर्ज देणाऱ्या कंपनीच्या माणसाची सही, माझी सही. खाली कंपनीचं पत्र — आता काही बाकी नाही. चारदा वाचलं. कागद तोच आहे, पण भीतीही तीच, तीन वर्षांपूर्वीची.

तेव्हा वसुलीची दोन माणसं माझ्या दुकानाच्या बाकावर येऊन बसायची. माझ्याशी काही बोलायची नाहीत. ब्लाउजचं माप द्यायला बाई आली की तिच्याकडे बघून म्हणायची, "यांच्याकडे कापड ठेवू नका, उद्या दुकान राहील की नाही सांगता येत नाही." आमच्या सिंदी मेघे गावात ही गोष्ट आठ दिवसांत सगळ्यांना माहीत झाली होती. गिऱ्हाइकं परत यायला वर्ष लागलं.

नवऱ्याला, विवेकला सांगितलं. तो म्हणाला, "चुकून आला असन. उचलू नको फोन." औषधाच्या दुकानात दिवसभर उभा राहून आलेला माणूस. जास्त बोलले नाही.

१९ जून

मुलीला, मेघाला घेऊन बँकेत गेले. नर्सिंगच्या प्रवेशासाठी शैक्षणिक कर्ज. तिचं नाव, सोबत माझं. विवेकला पगार रोख मिळतो, त्याच्याजवळ दाखवायला कागद नाही. माझं निदान शिलाईचं खातं आहे.

साहेबांनी कॉम्प्युटरवर माझं नाव टाकलं. स्क्रीनकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "ताई, तुमच्यावर जुनी थकबाकी दिसते. हे असताना अर्ज पुढे जाणार नाही."

मी पिशवीतून कागद काढला. त्यांनी तो नीट वाचला, अगदी शेवटपर्यंत. "तुमचं खरं आहे," म्हणाले, "पण मला स्क्रीनवर जे दिसतं तेच धरावं लागतं. कंपनीकडून नोंद दुरुस्त करून आणा."

बाहेर आल्यावर मेघाने विचारलं, "आई, मग आपण खरंच भरलं होतं ना?"

ती सहज बोलली. मला लागलं.

२० जून

आज तीन फोन. एकही उचलला नाही.

२४ जून

कोर्टाच्या आवारात मोफत सल्ला देणारं विधी सेवा केंद्र आहे. तिथे मयुरी मॅडम भेटल्या. तिशीतली मुलगी, पण समोरच्याचं पूर्ण ऐकून मगच बोलते. मी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हटलं, "मॅडम, माझी केस तर संपली. आता मला कोण विचारणार? नवीन केस करायची का?"

त्या म्हणाल्या, "केस संपली, तुमचा हक्क नाही संपला. लोकअदालतीचा निवाडा कोर्टाच्या हुकमासारखाच असतो. तुम्ही तो पाळला. आता तो पाळायची पाळी कंपनीची. खातं बंद दाखवणं, नोंद दुरुस्त करणं, वसुलीचे फोन थांबवणं — हे त्यांनी करायलाच पाहिजे. तडजोड झाली त्या दिवसापासून तुम्ही एकट्या पडल्या असं समजू नका."

हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. सही केली त्या दिवशी मला वाटलं होतं, आता कोर्ट त्याच्या घरी, मी माझ्या घरी.

त्यांनी आणखी सांगितलं: सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर वसुलीचा फोन करता येत नाही. ज्याचं कर्ज नाही अशा नातेवाइकाला धमकावता येत नाही. फोन आला की तारीख-वेळ लिहून ठेवा. आधी कंपनीकडे लेखी तक्रार. त्यांनी तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा नीट दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.

"तारीख-वेळ लिहायची सवय आहे मला," मी म्हटलं. या वहीचं काही सांगितलं नाही.

२५ जून

तक्रार लिहिली. पाच वेळा. पहिल्या चारमध्ये मी "कृपया" आणि "विनंती" इतक्यांदा लिहिलं की मेघा म्हणाली, "आई, तू माफी मागून राह्यली का?"

पाचवीत फक्त काय झालं ते लिहिलं. ई-मेल मेघाने केला, रजिस्टर पोस्ट मी केलं.

३ जुलै

संध्याकाळी सात चाळीस. या वेळी उचलला. वेगळा आवाज, मराठी बोलणारा. मी म्हटलं, "आता सात वाजून गेले. तुमचं नाव सांगा, मी लिहून घेते." नाव न सांगता तो म्हणाला, "मॅडम, तुमच्या घरचे तर भरत होते, आता तुम्ही काऊन नाही म्हणता?"

फोन ठेवला त्याने.

घरचे म्हणजे कोण? विवेकला विचारलं. मीच चोरून भरत होते की काय, असं त्याने माझ्याकडे पाहिलं; पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही. काहीतरी खोटं बोलून घाबरवत असतील.

११ जुलै

कंपनीचं उत्तर आलं. इंग्रजीत. मेघाने वाचून सांगितलं. तडजोड झाली हे त्यांना मान्य आहे. पण — "तडजोडीनंतरही या खात्यात अकरा वेळा रक्कम जमा झाली आहे, यावरून ग्राहकाला बाकी मान्य असल्याचे दिसते."

अकरा वेळा! मागच्या जुलैपासून या मे महिन्यापर्यंत दर महिन्याला. सोबत उतारा जोडला होता. प्रत्येक नोंदीपुढे मोबाइल नंबरचे शेवटचे चार आकडे. माझे नाहीत. विवेकचे नाहीत.

मी पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते, हे खोटं आहे, हे बनवलेलं आहे. विवेकने कागद हातात घेतला. आकडे पाहिले. खाटेवर बसला.

"हा त बाबाचा नंबर हाये," म्हणाला.

१२ जुलै

काही शिवलं नाही आज.

मामाजी. विवेकचे वडील. अल्लीपूरला दोन एकरांत भाजी लावतात. आधी दर आठवड्याला वर्ध्याच्या बाजारात माल आणला की जेवायला आमच्याकडे. मागच्या पावसाळ्यापासून येणं बंद. फोन केला तरी "बरं हाये, बरं हाये" एवढंच. मी धरून चालले होते, त्यांना माझा राग आला. घरात कोर्टाची नोटीस आणणारी सून. या वहीत मी त्यांच्याबद्दल काय काय लिहिलं आहे! मागची पानं आज उघडून वाचली. एका ठिकाणी लिहिलंय — "म्हाताऱ्याचं मन दगडाचं."

१४ जुलै

रविवार. दोघंही अल्लीपूरला गेलो.

मामाजी वांग्याच्या ओळीत होते. आम्हाला पाहून उभे राहिले, हात धोतराला पुसले. मीच उतारा पुढे केला. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, पण आकडे कळतात. बराच वेळ पाहिला. मग बांधावर बसले.

"मांगच्या जुलैत पह्यला फोन आलता," म्हणाले. "तुह्या कर्जाच्या फारमवर माहा नंबर होता म्हने. म्हने, सुनेनं भरलं नाई त पोलीस घेऊन येऊ, दुकानासमोरून नेऊ."

"मामाजी, ते मिटलं होतं. कोर्टाचा कागद होता आपल्याजवळ."

"कागद तुह्याजवळ होता, पोरी. फोन मले येत होता."

मी त्यांच्याशेजारी बांधावर बसले.

ते सांगत गेले. दर महिन्याला हिंगणघाटला मोबाइलच्या दुकानात जाऊन पैसे पाठवायचे. आमच्या सासूबाईंनासुद्धा माहीत नाही. जूनमध्ये विहिरीची मोटर जळाली, तिची दुरुस्ती आली, तेवढा एक महिना चुकला. म्हणून तर फोन माझ्याकडे वळला.

"मले एका शब्दानं काऊन नाई सांगतलं?" विवेकचा आवाज चढला होता.

मामाजी त्याच्याकडे नाही, माझ्याकडे पाहून बोलले. "तू नुकती पुन्हा शिवाले बसली होती. मशीनचा आवाज पुन्हा सुरू झालता तुह्या घरात. म्हटलं, हे सांगतलं त पोरगी पुन्हा हात गाळून बसन."

"अन् घरी येणं काऊन सोडलं?" विवेकने विचारलं.

"आलो असतो त तोंडावर दिसलं असतं."

निघताना त्यांनी नेहमीसारखी पिशवी भरून वांगी दिली. मी बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसले. विवेक खिडकीबाहेर पाहत होता.

१५ जुलै

मयुरी मॅडमकडे. मला भीती होती की आता सगळं हातचं गेलं. भरलं म्हणजे कबूल केलं असंच ना?

त्यांनी उतारा वाचला आणि पहिल्यांदाच मला त्यांचा राग दिसला. "उलट आहे ताई. हा त्यांचा पुरावा नाही, तुमचा आहे. तडजोडीचे पैसे मिळाल्यावर घ्यायला काही उरलंच नव्हतं. तरी कर्जदार नसलेल्या माणसाला धाक दाखवून वर्षभर घेतले, आणि स्वतःच लिहून दिलं. आता फक्त त्यांनी सांगितलं पाहिजे — तुमच्या सासऱ्यांनी. काय बोलणं झालं, कधी, कसं. स्वतःच्या सहीने."

तिथेच अडलं. फोनवर मामाजी म्हणाले, "मी भेलो, हे कागदावर लिहून देऊ का? सरकारी कागदावर?"

मी आग्रह केला नाही.

१८ जुलै

मामाजी एकटेच आले. पहिल्या बसने, पांढरी टोपी धुतलेली. घरी न येता थेट कोर्टाच्या फाटकावर उभे राहून मला फोन केला. मयुरी मॅडमनी त्यांचं म्हणणं मराठीत लिहून घेतलं, वाचून दाखवलं. "भीतीपोटी" हा शब्द आला तेव्हा ते थांबा म्हणाले. मला वाटलं, आता काढायला लावतील.

"पोटी नको," म्हणाले. "सरळ लिहा. मी भेलो म्हनून भरले."

तसंच लिहिलं. सही केली. लोकपालाकडे तक्रार त्याच दुपारी ऑनलाइन गेली.

२ ऑगस्ट

नर्सिंगच्या प्रवेशाची मुदत आज संपली. नोंद अजून तशीच. मेघाने इथल्याच कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घातलं. म्हणाली, "पुढच्या वर्षी पाहू." माझ्यासमोर रडली नाही. न्हाणीघरात पाणी बराच वेळ चालू होतं.

हे कुठल्याच तक्रारीत लिहिता येत नाही.

२९ ऑगस्ट

फोन बंद झाले आहेत. तरी साडेसात वाजले की कान तिकडे जातात.

११ ऑक्टोबर

लोकपालाचा निकाल आला. कंपनीने खातं बंद केलं, माझी नोंद दुरुस्त केली, मामाजींचे अकराही हप्ते त्यांच्या खात्यात परत. त्रासाबद्दल थोडी भरपाई. माफीची दोन ओळींची चिठ्ठी, तीही इंग्रजीत.

बँकेतल्या साहेबांनी स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली. माझं नाव, आणि पुढे काही नाही. पुढच्या जूनमध्ये मेघाला घेऊन या, म्हणाले.

मामाजींना फोन केला. म्हणाले, "वापस देते का ते? मले वाटलं, गेलेलं गेलं."

१३ ऑक्टोबर

शिवता शिवता विचार करत होते. कागद सव्वा वर्ष कपाटात होता. त्यात सगळं होतं, माझं संरक्षणसुद्धा. पण मी तो उचलून कोणाला दाखवला नाही तोवर त्याने काही केलं नाही. आणि मी दाखवला नाही, कारण आता संपलं असं मला हवं होतं. मामाजींनी विचारलं नाही, कारण मला त्रास नको असं त्यांना हवं होतं. एकमेकांना जपता जपता आम्ही त्या लोकांचं काम सोपं करून ठेवलं.

आता वर्षातून एकदा माझी कर्जाची नोंद पाहायची. मयुरी मॅडमनी कशी पाहायची ते शिकवलं. फुकट पाहता येते.

२७ ऑक्टोबर

रविवार. दुपारी दारात मामाजी. सोबत तिघं जण: गावातले एक निवृत्त मास्तर, टेम्पो चालवणारे कवडूभाऊ, आणि बचत गटाच्या शालूबाई. तिघांच्या हातात पिशव्या, पिशव्यांत कागद.

"माहं मी चावडीवर सांगतलं," मामाजी म्हणाले. "त हे उठून माह्या घरी आले. या तिघायचंही खातं मिटलेलं हाये, पोरी. अन् हे बी भरूनच राह्यले."

टेबलावरचे गणवेश मी खाटेवर ठेवले आणि म्हटलं, "बसा. पहिला फोन कधी आला, तारीख सांगा."