छप्पर सोडून बाकी सर्व

लिहून ठेवणार: सोनबा गोमाजी ढेबे, वय आधार कार्डाप्रमाणे शहात्तर, खरे त्याहून थोडे जास्त असेल. धंदा म्हशी आणि थोडी शेती. राहणार माचीची धनगरवाडी, आंबेनळी घाटाच्या वरच्या अंगाला, तालुका पोलादपूर, जिल्हा रायगड.

मी आज माझ्या घराच्या पडवीत बसून, कोणी भरीस घातले म्हणून नव्हे, कोणाच्या धाकाने नव्हे, अंगात ताप नसताना आणि पोटात दारू नसताना हे लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. जीव मात्र ठिकाणावर नाही. सकाळपासून मोबाईलवर समुद्रात काहीतरी जमत असल्याचे मेसेज येत आहेत आणि वारा दरीतून वर यायला लागला आहे. मी चौथीपर्यंत शिकलो, तेव्हा अक्षराला हसू नये. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. पुन्हा करायला सवड मिळेल याचा भरवसा नाही, म्हणून यातच सगळे घालतो.

कलम १. माझी माणसे.

पत्नी बयाबाई हयात नाही. थोरला मुलगा रितेश काविळीने गेला. त्याची बायको निशिगंधा आणि मुलगी सेजल माझ्याजवळ राहतात. धाकटा सूरज कळव्याला असतो, लिफ्टच्या दुरुस्तीचे काम करतो. तो चांगला मुलगा आहे. हे आधीच लिहितो, कारण पुढे त्याला न आवडणाऱ्या गोष्टी आहेत.

कलम २. घर.

हे घर वडिलोपार्जित नाही. बयाने आणि मी दूध विकून, घाटाखालून डोक्यावर दगड आणून बांधले. घरपट्टी माझ्या नावावर आहे. म्हणून ते कोणाला द्यायचे हे मी ठरवणार.

गेल्या गणपतीत सूरज आला होता. वीर स्टेशनला गाडीतून उतरून, पुढे रिक्षा, मग एसटी, मग चढण, असा दमून आला आणि जेवता जेवता म्हणाला, "बाबा, तुमच्यामागं हे सगळं बंद करू. वहिनीला नि सेजलला पोलादपुरात खोली बघू. महाबळेश्वरला जाणारी माणसं इथनंच जातात. एक हॉटेलवाला जागा मागतोय."

निशिगंधा भाकरी वाढत होती. "म्हशी कुठं नेऊ, भावजी? खोलीत?" एवढेच म्हणाली.

सूरज फोनमध्ये बघत बसला. त्या रात्रीपासून मला नीट झोप नाही. सूनबाईचे माहेर तुटलेले आहे. हे घर गेले तर तिला आणि सेजलला जायला जागा नाही.

तरी, माझ्यामागे हे राहते घर, त्याखालची जागा, पुढची पडवी, मागचा गोठा, छप्पर सोडून बाकी सर्व, मी माझी सून निशिगंधा रितेश ढेबे हिला देतो. तिच्यानंतर सेजलला. त्यांना कोणी उठवू नये. सूरजला रस्त्यालगतचे सपाट शेत देतो. ते मी नंतर स्वतः विकत घेतलेले आहे आणि हॉटेलवाल्याला तेच जास्त आवडेल.

छप्पर मी निशिगंधाला देऊ शकत नाही, कारण ते माझे नाही. खुलासा पुढे.

(इथे उठून गेलो होतो. मागच्या बाजूच्या पत्र्याचा एक हूक वाजत होता. दगड ठेवून आलो.)

कलम ३. छप्पर कोणाचे.

सूरजने कळव्याहून या घराचा विमा उतरवला होता. हप्ता तोच भरायचा. मला म्हणाला, "आता कोणाच्या तोंडाकडं बघायला नको, बाबा. काय झालं तर कंपनी बघंल." मला बरे वाटले होते. खोटे कशाला लिहू.

मग ते जून महिन्यातले निसर्ग वादळ आले, लॉकडाऊनच्या वर्षातले. पत्रा उडायच्या आधी शिट्टी वाजवतो आणि मग जातो. तशा शिट्ट्या वाजत गेल्या. बया तेव्हा अर्ध्या अंगाने अंथरुणाला खिळलेली होती. निशिगंधाने आणि मी तिला अंथरुणासकट कणगीच्या आडोशाला ओढले आणि वर घोंगडी धरून उभे राहिलो. घोंगडी भिजून जड झाली. बया म्हणत होती, "मला सोडा गो, म्हशी सोडा आधी."

वारा पडल्यावर आमच्या वाडीत कोणी आपले घर आधी बघत नाही. सगळ्यांनी देवळापुढे जमायचे. ज्या घरात आजारी माणूस नाहीतर बाळंतीण, त्या घराचे छप्पर पहिले. जे पत्रे सापडतील ते, कोणाचेही असोत, ठोकून सरळ करून त्या घरावर चढवायचे. हे माझ्या बापाच्या आधीपासून चालत आले आहे. तेव्हा पत्र्याऐवजी गवत होते, एवढाच फरक.

त्या दिवशी महिपत कोकरे मध्ये उभा राहिला. महिपत माझ्याबरोबरचा, आम्ही एकाच डोंगरावर गुरे राखली. म्हणाला, "बयावहिनी भिजतेय. चला." माझे पत्रे दरीत गेले होते. महिपतने स्वतःच्या गोठ्याचे निळे पत्रे काढून आणले. देवळाचा हिरवा आला. बाकीचे ज्याच्या दारात जो पडला तो. अंधार पडायच्या आत माझ्या घरावर छप्पर होते. महिपतचे घर अर्धा पावसाळा ताडपत्रीखाली होते.

कलम ४. विमा कंपनीस.

कंपनीला माझ्यामागे काही देणे नाही. तिचा माणूस दोन आठवडे उलटून गेल्यावर आला. रस्त्यात झाडे पडली होती आणि लॉकडाऊन होते, हे मी मान्य करतो. तरणा पोरगा, स्वभावाने वाईट नव्हता.

"आजोबा, नुकसान दाखवा."

"वर बघा."

"वर छप्पर आहे की."

"त्ये माझं नाय."

"मग कोणाचं?"

"वाडीचं. माझं खाली दरीत हाय. चला, दाखवतो."

त्याने दरीकडे बघितले आणि मग आपल्या बुटांकडे बघितले. "छप्पर उडाल्याचा फोटो काढलाय का?"

निशिगंधा म्हणाली, "दादा, म्हातारीवर घोंगडी धरायची का फोन?"

पोरगा ओशाळला, पण लिहायचे ते त्याने लिहिले. छप्पर जुने व गंजलेले, परंतु जागेवर आढळले. दावा नामंजूर.

सूरज फोनवर ओरडला, "सर्व्हे होईस्तोवर थांबायचं ना! छप्पर चढवलंतच कशाला?" मी म्हणालो, "तुझी आई भिजत होती." त्याने फोन ठेवला. पण पंधरा दिवसांनी परत तेच म्हणाला.

मी तक्रार केली. महाडला बाजारपेठेत एजंटच्या ऑफिसात कागद दिले. पुढच्या वर्षी महाडला पूर आला तेव्हा ते ऑफिस पाण्याखाली गेले. कागदांचा चिखल झाला. एजंट म्हणाला, पुन्हा द्या. पुन्हा दिले. अजून उत्तर नाही. तोवर मी नवे पत्रे घातले नाहीत, कारण कोणी परत बघायला आले आणि छप्पर नवेकोरे दिसले तर दावा पूर्णच खोटा ठरेल. पाच वर्षे मी या भीतीत आहे. हसणाऱ्याने हसावे.

कलम ५. महिपत कोकरे याजबद्दल.

दावा बुडाला त्या रागात मी देवळापुढे सगळ्यांसमोर महिपतला म्हणालो, "तू घाई केलीस म्हणून माझा विमा गेला."

महिपत म्हणाला, "मग उतरवतो माझे पत्रे. बस उघड्यावर, नि बोलव तुझ्या कंपनीला."

तेव्हापासून आमचे बोलणे बंद. त्याने पत्रे उतरवले नाहीत. पण तसे म्हणाला होता ना. त्यामुळे वारा सुटला की मला दोन भीती. एक वाऱ्याची, एक महिपतची.

श्रावणात बया गेली. कोरड्या अंथरुणावर गेली. बाहेर धो धो कोसळत होते. एवढे लिहून ठेवतो.

पुढच्या मे महिन्यात परत वादळ आले, तौक्ते. दुपारी वर पावले वाजली. मी निशिगंधाला म्हणालो, "आला. पत्रे न्यायला आला." बाहेर जाऊन बघतो तर महिपत माझ्या छपरावर पालथा पडून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोर टाकत होता. दोराची दोन्ही टोके त्याने खाली दगडांना बांधली आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. मीही त्याला हाक मारली नाही. पुढे दिवस जात राहिले. दोर अजून वर आहे. त्या दोरामुळेच छप्पर आहे.

तरी माझ्यामागे: निळे पत्रे महिपतचे, हिरवा देवळाचा, बाकीचे ज्यांनी ओळखले त्यांचे. दोर महिपतचा. ज्याला न्यायचे त्याने न्यावे. फक्त पावसाळ्यात नेऊ नयेत, ही हात जोडून विनंती. परत न दिले तर मी दुसऱ्याच्या मालावर मेलो असे होईल. आणि परत दिले तर पोरगी उघड्यावर येईल. हे कलम मी तीनदा लिहून तीनदा फाडले. याहून चांगले मला लिहिता येत नाही.

कलम ६. बाकीच्या वस्तू.

म्हशी निशिगंधाच्या. त्यांच्या कानातला विम्याचा बिल्ला काढू नये, झाडीत पडला तर त्याच दिवशी शोधावा. शेजारच्या वाडीत बिल्ला हरवला आणि मग म्हैस मेली, तर कंपनी म्हणाली, ही म्हैस ती नव्हेच.

कोयता, कुऱ्हाड आणि बापाची घोंगडी सेजलला. मुलीला घोंगडी कशाला असे कोणी म्हणू नये. ती माझ्याबरोबर रानात येते.

शिडी घराच्या बाहेरच ठेवावी. कोणी मागितली तर कशाला म्हणून विचारू नये.

बँकेत आहे ते दिवसपाण्याला पुरेल. पावसाळ्यात मेलो तर जेवणावळ घालू नये. लोकांना घरी जाऊ द्यावे, त्यांना आपापली छपरे असतात.

वादळाचा मेसेज आला की आधी म्हशी सोडाव्यात. बांधलेली म्हैस भिंतीखाली मरते, सुटलेली आपली जागा शोधते. बया बरोबर म्हणत होती.

कलम ७. नंतर घातलेले.

वरचे सगळे लिहून झाल्यावर साक्षीदार हवेत म्हणून निशिगंधाने अंगणवाडीच्या मंजुळाताईंना बोलावले. त्यांनी वाचून विचारले, "दुसरा कोण? वाडीतलं वजनाचं माणूस हवं, काका. उद्या सूरजनं हरकत घेतली तर निशिगंधाच्या बाजूनं उभं राहणारं."

निशिगंधा म्हणाली, "मामंजी, महिपतआजोबांना बोलवू?"

"त्यो नाय यायचा."

"तुम्ही कधी बोलवलंत?"

ती गेली. महिपत आला. आल्या आल्या वर बघितले, दोर ओढून बघितला आणि उंबऱ्याशी बसला. मंजुळाताईंनी सगळे मोठ्याने वाचले. मी खाली मान घालून बसलो होतो. पाचवे कलम आले तेव्हा महिपत म्हणाला, "परत वाच गो त्ये."

परत वाचले.

"मी पत्रे न्यायला चढलो वाटलं तुला?"

"तू म्हणाला हुतास तसं."

"न्यायचेच असते तर तुझीच शिडी मागितली असती रे. चोरासारखा कशाला येईन? नि पाच वर्सं कोणाची वाट बघतोस, कंपनीची? ती काय बायको हाय तुझी, रुसून माहेरी गेलेली?"

मंजुळाताई हसल्या. निशिगंधा तोंडाला पदर लावून आत गेली. मीही हसलो असेन.

मग मंजुळाताई म्हणाल्या, "पण एक अडचण आहे. मृत्युपत्रात ज्याला काही मिळतं त्यानं साक्षीदार होऊ नये म्हणतात. इथं महिपतकाकांचे पत्रे लिहिलेत."

महिपत म्हणाला, "मग माझं नाव काढ पत्र्यांतनं. मी काय घेत नाय. लिव, पत्रे निशिगंधाचे. दोर पण तिचा."

"बाकीच्यांचे?"

"त्यांना मी सांगतो."

"नि देवळाचा हिरवा?"

"देवाला बी मी सांगतो. आण पेन इकडं."

त्यावरून पाचव्या कलमातला शेवटचा परिच्छेद रद्द केला आहे. दुसऱ्या कलमातले "छप्पर सोडून बाकी" हे तीन शब्द आणि छप्पर देता येत नाही असे सांगणारे पुढचे वाक्य खोडले आहे आणि खोडलेल्या जागी तिघांच्या सह्या आहेत. आता ते कलम असे वाचावे: राहते घर, जागा, पडवी, गोठा, सर्व, निशिगंधाला.

सूरज, तू कोर्टात जाऊ नकोस. गेलास तर महिपत येईल, आणि तो बोलायला लागला की थांबत नाही.

हे मी वाचून, ऐकून, समजून सही करतो.

(सही) सोनबा गोमाजी ढेबे

साक्षीदार, ज्यांच्यादेखत मी सही केली आणि माझ्यादेखत ज्यांनी केली:

(सही) महिपत राघू कोकरे, माचीची धनगरवाडी

(सही) मंजुळा दत्ताराम शेलार, अंगणवाडी सेविका

स्थळ आणि तारीख मी, मंजुळा शेलार, घालते आहे. वारा वाढला म्हणून महिपतकाका दोर आवळायला छपरावर चढले आहेत आणि सोनबाकाका खाली शिडी धरून उभे आहेत.

माचीची धनगरवाडी, ता. पोलादपूर. दिनांक २३ मे २०२५.